तुकडा काढला म्हणून कॅन्सर उधळत नाही

“तुकडा काढू देऊ नका, हत्यार लागलं की कॅन्सर उधळतो.” बीड जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या घरी हे परवा पुन्हा ऐकलं. काकांच्या गालातला चट्टा तीन महिने भरत नव्हता, तोंडात दोन बोटं जेमतेम जात होती. तरी घराला धास्ती होती ती बायोप्सीची, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढण्याचीच. या समजुतीपायी आपल्या मराठवाड्यात माणसं दवाखाना सोडून जडीबुटीवाल्याकडे महिने घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅन्सर पसरतो तो पेशींची एकमेकींवरची पकड सुटल्यामुळे. गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी फुगडीतल्या बायांसारख्या हात घट्ट धरून असतात. हे हात म्हणजे ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी कॅडहेरिन शोधली. पेशीबाहेरच्या भागाला उसासारखी पाच पेरं असतात आणि दर दोन पेरांमधल्या सांध्यात कॅल्शियमचे आयन बसतात. कॅल्शियम असलं की हात ताठ, नसलं की लुळा. पेशीच्या आत हाच हात कॅटेनिन प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला, म्हणजे ॲक्टिनच्या धाग्यांना बांधलेला असतो. कॅन्सरच्या पेशीत स्नेल, ट्विस्ट अशी नियंत्रक प्रथिनं जागी झाली, की ती ई-कॅडहेरिनचं जनुकच दाबून टाकतात. मग पेशी लांबुळकी होते, व्हायमेंटिन हे फिरत्या पेशींचं प्रथिन बनवू लागते आणि सरकत सरकत मानेतल्या लसिका गाठींपर्यंत जाते.

काढलेल्या तुकड्यात हे चक्क दिसतं. मेणाच्या ठोकळ्यातून चारेक मायक्रॉनचा काप घेतात, त्यावर ई-कॅडहेरिनलाच चिकटणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) सोडतात. जिथे ई-कॅडहेरिन शाबूत, तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी तपकिरी जाळी उमटते. एका स्लाइडवर मी ती जाळी कडेकडेने फिकट होत गेलेली पाहिली, आणि तिच्या पुढे स्नायूत शिरलेल्या एकेकट्या पेशी.

जाळी विरलेल्या रुग्णांत मानेच्या गाठींत कॅन्सर जास्त आढळतो आणि जगण्याचं प्रमाण सरासरीने कमी, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पेशी किती वेगाने वाढताहेत हे सांगणारं केआय-६७ आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पण बिघडलेलं पी-५३ ही प्रथिनंसुद्धा हाच अंदाज बांधण्यासाठी तपासली जातात. पण ‘एका थेंबात आयुष्याचा अंदाज’ असल्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. एकटं प्रथिन एका माणसाचं आयुष्य सांगत नाही. तोंडातल्या मूळ गाठीचा आकार, ती किती खोल गेली आणि कॅन्सर मानेत पोचला का, हे आजही आधी पाहतात.

मानेचं महत्त्व टाटा मेमोरियलच्या २०१५च्या अभ्यासाने दाखवलं. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठीही काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. कोणाच्या मानेत पेशी लपल्या आहेत हे तुकड्यावरूनच खात्रीने कळलं, तर बाकीच्यांची मान चिरावी लागणार नाही. मला या प्रथिनांची ओढ आहे ती यासाठी.

काकी शेवटी तयार झाल्या. तुकडा काढायला दहा मिनिटं लागली, एक टाका पडला. अहवाल सोमवारी येणार आहे.