पुन्हा ल्युतेसियात : आमच्या जुन्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार,

२०१४ च्या आधी आमच्याबरोबर पॅरिसला गेलेली बरीच मंडळी आता पुन्हा निघाली आहेत. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, कुणाला लेक-जावयाला ते शहर दाखवायचं आहे. मागणी बहुतेकांची एकच : ‘तेच हॉटेल द्या, ल्युतेसिया.’ इमारत तीच आहे, बुलेव्हार रास्पाय या रस्त्यावरचा कोपराही तोच. पण एप्रिल २०१४ मध्ये बंद झालेलं हे हॉटेल जुलै २०१८ मध्ये उघडलं तेव्हा आतून पुष्कळ बदललं होतं. बुकिंगचे पैसे भरण्याआधी हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून हे पत्रक.

वास्तुविशारद ज्याँ-मिशेल विल्मोत यांनी नूतनीकरणात २३३ खोल्यांच्या १८४ केल्या. खोल्या ऐसपैस झाल्या, तळघरात पोहण्याचा तलाव आणि स्पा आला, मधल्या भागात उजेड खेळू लागला. २०१९ मध्ये ‘पालास’ हा फ्रान्समधला पंचतारांकितच्याही वरचा दर्जा मिळाला आणि दरही त्याच मानाने चढले. जुने दर मनात धरून चौकशी केलीत तर धक्का बसेल. पॅरिसमध्ये सहा रात्री असतील तर इथे दोनच घ्या आणि उरलेल्या जवळच्या साध्या हॉटेलात काढा, असं आम्ही मनापासून सुचवतो. व्यवस्थापन आता मँडरिन ओरिएंटलकडे आहे. पावतीवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

जुनं काय उरलं? दर्शनी भागावरच्या दगडी वेली आणि द्राक्षांचे घोस जसेच्या तसे आहेत. समोरच्या ‘बाँ मार्शे’ या मोठ्या दुकानाच्या मालकांनी बाहेरगावाहून खरेदीला येणाऱ्या ग्राहकांच्या सोयीसाठी १९१० मध्ये हे हॉटेल उभारलं. तेव्हाची भित्तिचित्रं पुढे रंगाच्या थरांखाली गडप झाली होती. कारागिरांनी ते थर हलक्या हाताने उतरवले आणि चित्रं पुन्हा उजेडात आली. ती आता ‘बार जोसेफीन’मध्ये दिसतात. मद्य घेत नसलात तरी संध्याकाळी तिथे बसून एखादं सरबत घ्याच. तुम्ही आधी राहिलात तेव्हा ही चित्रं तुम्हाला दिसलेलीच नाहीत.

आता जेवणाचं. आमच्या मते परत जाण्याचं खरं कारण हेच. जुनं ‘पारी’ रेस्टॉरंट आता नाही. ‘ब्रासरी ल्युतेसिया’ (ब्रासरी म्हणजे फ्रेंच पद्धतीचं अनौपचारिक रेस्टॉरंट) मात्र आहे, आणि हॉटेलात न राहणाऱ्यांनाही तिथे जेवता येतं. २०१८ मध्ये तिचा मेनू मार्सेचे नामवंत शेफ जेराल्द पासेदा यांनी बांधून दिला होता. अशा ब्रासरीत मान असतो तो समुद्रातल्या पदार्थांना. बर्फाच्या थाळ्यात कालवं, कोळंबी, खेकडे मांडून येतात. कोकणातल्या मंडळींना कालवं नवी नाहीत, पण इथे ती कच्ची, शिंपल्यातच, लिंबू पिळून खातात. पोट नाजूक असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल तर उकडलेली कोळंबी मागवा.

शाकाहारी मंडळींनी पुढचं नीट वाचावं. ‘मांस खात नाही’ एवढंच सांगितलं तर समोर मासा येऊ शकतो. अंडं तिथे शाकाहारातच धरतात. कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या रश्शात शिजवलेलं असतं, हिरव्या सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरलेले असू शकतात आणि थंड गोडाच्या पदार्थांत जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असू शकतं. अंडं चालत नसेल तर ‘वेगान’ म्हणणं सुरक्षित, मात्र मग लोणी-चीजही सोडावं लागेल. जैन जेवण ऐनवेळी मागून मिळणार नाही. ते आम्ही लेखी कळवून स्वयंपाकघराचा होकार घेतो, आणि होकार आल्याशिवाय टेबल पक्कं करत नाही.

दुपारचं जेवण साधारण बारा ते अडीच, रात्रीचं सातनंतर. बिलात सेवाशुल्क धरलेलंच असतं, टीप देणं तुमच्या खुशीवर. जेवणासोबत ‘कराफ दो’ म्हणून नळाचं पाणी मागा, ते फुकट असतं आणि पिण्याजोगं असतं. शहराचा पर्यटक कर मात्र दर माणशी, दर रात्री वेगळा लागतो. १८ वर्षांखालील मुलांना तो माफ आहे.

एक विनंती. बाहेरच्या भिंतीवर एक फलक आहे, तिथे थोडं थांबा. नाझी ताब्याच्या काळात जर्मन लष्कराच्या हेरखात्याने हे हॉटेल बळकावलं होतं. १९४५ च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये छळछावण्यांतून जिवंत परतलेल्यांना याच इमारतीत उतरवून घेतलं. आपली माणसं शोधत लोक हातात फोटो घेऊन दारात उभे राहत. मुलंबाळं बरोबर असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा. आमच्या लेखी या हॉटेलचं सगळ्यात मोठं काम तेच.

मेट्रोचं स्थानक सेव्र-बाबिलोन, मार्ग १० आणि १२. वसईच्या आमच्या प्रवाशांना ज्याची ओढ असते ते र्‍यू द्यु बाकवरचं चमत्कारी पदकाच्या मातेचं चॅपल इथून पायी अगदी जवळ आहे.

व्हिसाबाबत परतणाऱ्यांसाठी चांगली गोष्ट आहे. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार, भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनी मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा सामायिक व्हिसा) नियमाप्रमाणे वापरले असतील तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी जुना पासपोर्टही जपून आणा.

टेबल आणि खोली एकाच वेळी राखून ठेवतो. त्यामुळे चौकशी करतानाच तारखा, माणसं, मुलांची वयं आणि प्रत्येकाच्या जेवणातली पथ्यं कार्यालयात लिहून द्या. अ‍ॅलर्जी असेल तर ती वेगळ्या ओळीत ठळक लिहा.