कार्टर आणि मायसेटोमा या नावाचा गुंता

‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकातल्या चित्रांमुळे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ओळखले जातात. त्यांचं रोगनिदानातलं काम त्या चित्रांमागे झाकलं गेलं, हे मात्र खटकतं. चित्रकाराचा हा मुलगा १८५८ मध्ये मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाला. (त्याच काळात मुंबईत स्पंज या जलचर प्राण्यांचा अभ्यास करणारे निसर्गतज्ज्ञ डॉक्टर हेन्री जॉन कार्टरही होते. दोघांची गल्लत करू नये.)

अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायात काटा रुततो. पुढे पाऊल हळूहळू सुजतं, त्याला भोकं पडतात आणि पुवासोबत बारीक दाणे बाहेर येतात. १८४२ मध्ये मदुरेच्या दवाखान्यातून या दुखण्याचं वर्णन झालं, म्हणून ते ‘मदुरा फूट’. कार्टर यांनी दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यांना बुरशीचे धागे दिसले आणि १८६०च्या सुमारास त्यांनी ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिलं. १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

वाद लगेच पेटला. इंग्लंडमधल्या एका बुरशीतज्ज्ञाने नमुन्यावर वाढलेल्या बुरशीला कार्टर यांचंच नाव दिलं; पण ती बाहेरून आलेली साधी बुरशी असावी, असं पुढे मानलं गेलं. कलकत्त्याच्या दोन संशोधकांनी तर बुरशी हे रोगाचं कारणच नाही, असं मांडलं. माझ्या मते कार्टर यांची नजर बरोबर होती. काळ्या दाण्यांत खरोखरच बुरशी असते.

नाव मात्र अपुरं ठरलं. १८९४ मध्ये फिकट दाण्यांतून बुरशीसारखे धागे असलेला जीवाणू वेगळा काढला गेला आणि १९१३ मध्ये दोन प्रकारांची फोड झाली: युमायसेटोमा बुरशीचा, अ‍ॅक्टिनोमायसेटोमा जीवाणूचा. हा शब्दच्छल नाही. जीवाणूचा प्रकार बहुधा प्रतिजैविकांनी आटोक्यात येतो. बुरशीच्या प्रकारात महिनोन्‌महिने बुरशीनाशकं घेऊनही बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते, कधी पायही कापावा लागतो. काळे दाणे बुरशीचे, लाल जीवाणूचे. पांढरे किंवा पिवळसर दोन्हींपैकी कशाचेही असू शकतात, म्हणून तपासणी टाळता येत नाही.

कुष्ठरोगावरचं कार्टर यांचं काम आणि १८७७ च्या दुष्काळात मुंबईत पसरलेल्या उलटणाऱ्या तापाच्या (रिलॅप्सिंग फीव्हर) रुग्णांच्या रक्तात त्यांनी पाहिलेले वळसेदार जंतू, हा स्वतंत्र विषय आहे. मायसेटोमाला जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत जागा मिळाली ती २०१६ मध्ये, कार्टर यांच्या ग्रंथानंतर १४२ वर्षांनी.