गोळी किती वेळा राहिली?

"गोळ्या नियमित घेता ना?" या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं: "हो सिस्टर." म्हणून एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रात, मुरलेली सिस्टर तो विचारतच नाही. ती म्हणते, "एखाद्या दिवशी राहतेच गोळी, सगळ्यांची राहते. तुमची या महिन्यात किती वेळा राहिली?" चूक आधीच गृहीत धरली की समोरच्याला खोटं बोलायचं कारण उरत नाही. मग कळतं, की घरात लग्न होतं, पाहुण्यांची गर्दी होती, बाटली काढायला आडोसाच मिळाला नाही. दोन दिवस तसेच गेले.

वरवर ही नुसती विचारपूस वाटते. पण एचआयव्हीच्या उपचारात तिला रक्ताच्या तपासणीइतकंच महत्त्व आहे, आणि ते का, हे विषाणूच्या स्वभावात दडलेलं आहे.

उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात एचआयव्हीचे रोज सुमारे एक हजार कोटी नवे कण तयार होतात. विषाणूची जनुकीय संहिता जेमतेम साडेनऊ हजार अक्षरांची, पण ती उतरवून घेणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) भलतंच गबाळं आहे. ते उतरवताना चुका करतं आणि केलेलं तपासून पाहत नाही. त्यामुळे संहितेत एका अक्षराची जी जी चूक शक्य आहे, ती रोज कुठल्या ना कुठल्या कणात होऊन जाते. बहुतेक चुका विषाणूच्याच मुळावर येतात. एखादी मात्र त्याला औषधापासून वाचवणारी निघते. रक्तात औषध पुरेसं असेल तर मुळात नक्कलच होत नाही, मग चूक होणार कुठून? औषध अजिबात नसेल तर त्या वाचवणाऱ्या चुकीचा विषाणूला काही फायदा नाही. खरा धोका मधल्या अवस्थेत असतो: चार दिवस गोळी, तीन दिवस नाही. नक्कलही चालू आणि औषधही थोडंथोडं हजर, अशा वेळी औषधाला दाद न देणारे कण मागे उरतात आणि वाढतात.

शिवाय रोगप्रतिकारशक्तीच्या काही सीडी-४ पेशींच्या डीएनएमध्ये विषाणू आपली प्रत घालून गप्प बसतो. सध्याची औषधं त्या निद्रिस्त साठ्यापर्यंत पोहोचत नाहीत. वर्षानुवर्षं रिपोर्ट उत्तम येणाऱ्या माणसानं गोळी थांबवली, तर बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो. "आता बरं वाटतंय, मग कशाला?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, आणि सिस्टरला ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

गोळ्या मोजण्याचा हिशेब सोपा आहे. ३० गोळ्यांची बाटली देऊन आज २८ दिवस झाले, तर बाटलीत २ उरायला हव्यात. ६ निघाल्या, म्हणजे २८ पैकी २४ पोटात गेल्या, सुमारे ८६ टक्के. अपेक्षा ९५ टक्क्यांच्या वर असते. म्हणजे महिन्यातून फार तर एक गोळी चुकलेली चालते. पण बाटली रिकामी दिसली म्हणजे गोळ्या पोटातच गेल्या असं नाही. बोलणी बसतील या भीतीनं उरलेल्या गोळ्या वाटेत टाकून येणारेही असतात. थोडक्यात, ओरडणाऱ्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये आकडे फार सुंदर असतात आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वेगळंच सांगतो.

बीडकडचं जोडपं ऊसतोडीला निघालं की ते उन्हाळा लागल्याशिवाय परतत नाही. त्याला पुढच्या महिन्याची तारीख देऊन काय उपयोग? टोळी कुठल्या कारखान्यावर चालली आहे, हे आधी विचारावं लागतं. मग जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या की तिकडच्या केंद्रासाठी चिठ्ठी द्यायची, ते ठरतं.

१ एप्रिल २००४ रोजी देशातल्या ८ सरकारी केंद्रांत मोफत एआरटी सुरू झाली, त्यात मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आता बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असलेली एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. ती उपाशीपोटी चालते, जेवणानंतरही चालते. एकादशी किंवा नवरात्राचे उपास असतील, तर पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायला हरकत नाही.

मात्र या गोळीची एक खोड सिस्टरला पाठ असावी लागते. विषाणू स्वतःची प्रत माणसाच्या डीएनएत घुसवायला इंटिग्रेज नावाचं विकर वापरतो. त्या विकराच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे दोन आयन असतात. डोल्युटेग्राविर नेमके तेच पकडून बसतं आणि विकर ठप्प होतं. धातू पकडण्याचा हा गुण पोटातही सुटत नाही. आम्लपित्तावरच्या औषधातलं मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम, गरोदरपणातल्या गोळ्यांमधलं लोह आणि कॅल्शियम सापडलं, तर औषध त्यांनाच चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. म्हणून ॲसिडिटीच्या अशा औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर गोळी घ्यायची. लोह-कॅल्शियमलाही तोच नियम. किंवा लोह-कॅल्शियम आणि ही गोळी जेवणाबरोबर एकदम घेतली तरी चालतं. आता गंमत अशी, की ॲसिडिटीच्या औषधाला कुणी औषध मानतच नाही. "दुसरं काही चालू आहे का?" म्हटलं की "नाही" हेच उत्तर येतं. "जळजळ झाली की काय घेता?" असं विचारावं लागतं.

दर भेटीत आणखी चार प्रश्न ठरलेले: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. भारतात एचआयव्हीबरोबर जगणाऱ्यांचा सर्वांत मोठा शत्रू आजही टीबी आहे. टीबी निघाला तर त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध डोल्युटेग्राविरचा निचरा वेगानं करतं, आणि डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी १२ तासांनी द्यावी लागते.

आता ग्लोव्ह्जविषयी. रक्ताशी संबंध येणार असेल तर ते घालायचेच, पण प्रत्येक रुग्णासाठी. ताप किंवा बीपी बघायला ते कुणासाठीच लागत नाहीत. फक्त एकाच पलंगापाशी दोन-दोन जोड चढवणं ही वॉर्डभर केलेली जाहिरात असते, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं असा भेदभाव आणि गुप्ततेचा भंग दोन्ही बेकायदा ठरवले आहेत. शास्त्र म्हणूनही ते चुकीचं आहे. नियमित उपचारावर असलेल्या माणसापेक्षा शेजारच्या पलंगावरच्या, कधीच तपासणी न झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणू जास्त असू शकतो. वापरलेली सुई टोचलीच, तर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते; लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस-बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. बोट दाबायचं नाही, चोखायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं. प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत सुरू करायचं, ७२ तासांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही आणि २८ दिवस घ्यायचं.

उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला लागण होते का, हा प्रश्न लोक दार ओढून घेतल्यावर विचारतात. त्याच्या उत्तरात पुण्याचाही वाटा आहे. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती आणि त्याचं एक केंद्र पुण्यात होतं. लवकर उपचार सुरू केल्यानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे त्यातून २०११ मध्ये दिसलं. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासांत, व्हायरल लोड दाबलेला असताना कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध येऊनही जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न बहुधा मुलाचा असतो.

त्याचं उत्तर आशेचं आहे, पण लांबलचक. आईची गोळी गरोदरपणात आणि दूध पाजताना चालूच राहते. बाळाला जन्मापासून किमान ६ आठवडे प्रतिबंधक औषध मिळतं. आईनं अंगावर पाजायचं ठरवलं तर पहिले ६ महिने फक्त तेच. मध-गुटी, वरचं दूध काही नाही. सासूबाईंना हे पटवणं अवघड, कारण बऱ्याच घरांत त्यांना सुनेच्या आजाराचा पत्ता नसतो. तेव्हा सिस्टर "सगळ्याच बाळांना डॉक्टर असं सांगतात" म्हणते, आणि ते खरंही आहे. सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून तपासणीला जातात. नेहमीची अँटीबॉडी चाचणी एवढ्या लवकर उपयोगाची नाही, कारण आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात वर्षभराहूनही जास्त काळ राहू शकतात. शेवटचा निकाल १८ व्या महिन्यात लागतो, आणि तोवर त्या आईला दर तारखेला केंद्रात यावंसं वाटेल, हे बघणं सिस्टरच्याच हातात असतं.