तोंडातला साधा काळा डाग आणि मेलानोमा: "दुखत नाही ना, मग सोड" हे आधी थांबवा

सावळ्या माणसाच्या हिरड्या काळपट असतात हे सगळ्यांना माहितीये, लहानपणापासून असतात, दोन्हीकडे साधारण सारख्या, त्यात बघण्यासारखं काही नाही. सिगारेटवाल्यांच्या पुढच्या हिरड्या काळवंडतात, जुन्या चांदीच्या फिलिंगशेजारी निळसर-राखाडी ठिपका पडतो आणि एक्स-रेत कधी कधी तिथे धातूचे पांढरे कण दिसतात. हे झाले साधे डाग.

गोंधळ होतो तो दुखण्यावरून. डाग दुखत नाही म्हणजे साधा, असं लोक बिनधास्त सांगतात आणि मला याचा खरंच राग येतो, कारण मेलानोमा, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तोसुद्धा सुरुवातीला दुखतच नाही! बहुतेक वेळा टाळूवर नाहीतर वरच्या हिरडीवर येतो, सपाट असला तर जिभेलाही लागत नाही, आरशात टाळू कोण बघतं, आणि मग रक्त यायला लागलं, दात हलायला लागला, कवळी बसेना झाली की माणूस डॉक्टरकडे जातो, तोवर तो खोल गेलेला असतो, कधी मानेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. हा कॅन्सर दुर्मीळ आहे, मान्य, पण लवकर सापडला तर पूर्ण काढून टाकता यायची शक्यता कितीतरी जास्त असते. उन्हाशी याचा संबंध नाही, तंबाखू न खाणाऱ्यालाही होतो, त्यामुळे "मला कसलंच व्यसन नाही" म्हणून निर्धास्त राहू नका.

म्हणजे दुखतंय का हे विचारायचंच नाही, बदलतंय का ते विचारायचं. साधा डाग वर्षानुवर्षं तेवढाच, एका रंगाचा, कडा नीट. मेलानोमा पसरतो, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात कुठे तपकिरी कुठे काळा कुठे निळसर, पुढे उंचवटा किंवा जखम. आणि काही मेलानोमा काळे नसतातच, गुलाबी-लालसर गाठ दिसते, ती तर हमखास हिरडीची सूज म्हणून सोडून दिली जाते.

पण नुसतं बघून खात्री कुणालाच देता येत नाही, डेंटिस्टलाही नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून "काही नाही" म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. शंका असली तर बायोप्सीच, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी. बायोप्सीने कॅन्सर पसरतो या भीतीपायी महिने घालवू नका.

कवळी असेल तर काढा, मोबाईलचा टॉर्च लावून टाळू आणि वरच्या हिरड्या घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. नवीन डाग किंवा गाठ दिसली आणि दोन आठवड्यांत गेली नाही, की लगेच अपॉइंटमेंट घ्या.