आठ मिलिग्रॅमसाठी वीस वर्षं

डायलिसिसच्या दिवशी नातेवाईक मेडिकलमधून बर्फाच्या पिशवीत घालून एक छोटं इंजेक्शन आणतात. हिमोग्लोबिन वाढवणारं हे एरिथ्रोपोएटिन ज्यांच्यामुळे हाती आलं, ते युजीन गोल्डवासर किडनीचे डॉक्टर नव्हतेच. ते शिकागो विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ होते.

1955 साली वरिष्ठ सहकारी लिऑन जेकबसन यांनी त्यांना हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळं काढायला सांगितलं. काही महिन्यांचं काम, असं गोल्डवासर यांना वाटलं होतं. मुळात ते शरीरात बनतं कुठे, हेच ठाऊक नव्हतं. मग उंदरांचे अवयव एकेक करून काढून पाहिले. मूत्रपिंडं काढली आणि संप्रेरक वाढायचं थांबलं. 1957 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. किडनीच्या रुग्णांचं रक्त का आटतं, याचं उत्तर इथे मिळालं.

पुढची कितीतरी वर्षं मेंढ्यांच्या रक्तात गेली. मुद्दाम ॲनिमिया घडवलेल्या मेंढ्यांचं रक्त कत्तलखान्यातून आणायचं आणि गाळत राहायचं. हाती येई ते नाममात्र. दिशा बदलली ती जपानमधल्या कुमामोतोच्या ताकाजी मियाके यांच्यामुळे. अप्लास्टिक ॲनिमियाच्या, म्हणजे हाडांच्या मगजात पुरेशा रक्तपेशी बनत नाहीत अशा आजाराच्या, रुग्णांच्या लघवीत हे संप्रेरक भरपूर उतरतं. मियाके यांनी अशी 2,550 लिटर लघवी जमवून आटवली आणि 1975 च्या अखेरीस तो सुका अर्क रेशमी कापडात बांधून शिकागोला आणला. त्यातून 1977 साली मिळालं जेमतेम 8 मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन.

तेवढ्यावर सगळं पुढे सरकलं. त्या प्रथिनाच्या रचनेच्या आधारे ॲमजेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी 1983 साली जनुक शोधलं आणि औषध हवं तितकं बनवता येऊ लागलं. शिकागो विद्यापीठाने पेटंट घेतलं नाही. अब्जावधींची कमाई कंपन्यांकडे गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तोवर डायलिसिसच्या रुग्णांना वरचेवर रक्त चढवावं लागे. अंगात लोह साठे, हिपॅटायटिसची भीती असे, शिवाय रक्तातून तयार झालेल्या अँटिबॉडीजमुळे पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारी किडनी मिळणं कठीण होई. सिॲटलचे जोसेफ एशबाख यांच्यासारखे डॉक्टर याच औषधाची वाट पाहत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 25 रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष जानेवारी 1987 मध्ये छापून आले. पुरेसा डोस मिळालेल्या रुग्णांना रक्त चढवण्याची गरजच उरली नव्हती. 1989 साली अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.