चोपन्न मिनिटांचा एक झोका

२६ डिसेंबर २००४. सुमात्राजवळ समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मुंबईत रविवारचे साडेसहा वाजत होते. त्याच्या भूकंपलहरी जमिनीतून जाताना मुंबईसकट जगभरातली जमीन निदान सेंटीमीटरभर खालीवर झाली. पण इतक्या संथपणे, की कळणार कुणाला? लहरी विरल्यावरही घंटेसारखा पृथ्वीचा अख्खा गोल थरथरत राहतो. सर्वांत संथ कंपनाला सुमारे ५४ मिनिटं लागतात.

हे गणिताला आधीच ठाऊक होतं. लवचीक गोल कसा कंप पावेल, हे फ्रेंच गणितज्ञ पॉयसाँने १८२९ मध्येच मांडलं. पृथ्वीएवढ्या पोलादी गोळ्यासाठी इंग्रज गणितज्ञ लॅम्बने १८८२ मध्ये ७८ मिनिटं काढली. लव्हने १९११ मध्ये गुरुत्वाकर्षण धरून ती ६० वर आणली. अडलं ते यंत्रापाशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलाबा वेधशाळेत मिल्नचं भूकंपमापक बसलं, पण त्याचा लोलक सेकंदांत झुलणारा. तासभराचा हेलकावा त्याच्या आवाक्यातला नव्हताच. (१९६७ चा कोयनेचा भूकंप मुंबईलाही जाणवला, तो अशाच सेकंदांच्या हादऱ्यांमुळे.) १९५२ च्या रशियातल्या कामचाट्का भूकंपानंतर अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ बेनिऑफला ५७ मिनिटांचं कंपन दिसल्यासारखं वाटलं. नोंद पुसट होती, फारसं कुणाला पटलं नाही.

मग २२ मे १९६०, चिली, ९.५. आजवर मोजलेला सर्वांत मोठा भूकंप. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला भूभौतिकीची परिषद भरली आणि तिथे दोन नोंदी समोरासमोर आल्या. बेनिऑफच्या गटाचं यंत्र खडकातल्या बोगद्यात क्वार्ट्झच्या लांब नळीने जमिनीचा ताण मोजणारं. लॉस एंजेलिसच्या स्लिक्टर यांच्या गटाचं, गुरुत्वाकर्षणातला फरक टिपणारं. कंपनांना लागणाऱ्या वेळांचे आकडे जुळले. पण पहिल्या नोंदीतले काही आकडे दुसरीत गायबच. खरी गंमत इथेच आहे. पृथ्वी पिळवटते तेव्हा जमीन आडवी सरकते, वर-खाली होत नाही. गुरुत्वमापकाला ते दिसणारच नाही. नेमकी तीच कंपनं गायब होती! माझ्या मते जुळलेल्या आकड्यांपेक्षा हा न जुळलेला भाग जास्त बोलका पुरावा होता.

पुढे हे आकडेच पृथ्वीच्या पोटात डोकावायचं साधन झाले. इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये सुचवलेला आतला गाभा घन असल्याचा भक्कम पुरावा झेवोन्स्की आणि गिल्बर्ट यांनी १९७१ मध्ये याच कंपनांतून दिला.