ट्रायम्फ स्पिटफायरची मागची चाके: ऑटोक्रॉससाठीच्या सस्पेन्शन-जुळणीची पार्श्वभूमी

अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या डांबरी पटांगणावर रबरी शंकू मांडून आखलेला नागमोडी मार्ग, त्यावरून एका वेळी एकच गाडी, आणि शंकू पडला की एकूण वेळेत वाढणारे २ सेकंद. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाने या प्रकाराची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये सुरू केली, आणि स्वस्त, हलक्या ब्रिटिश दोन-आसनी गाड्या तेव्हापासून हौशी स्पर्धकांच्या आवडीच्या राहिल्या. त्यांपैकी ट्रायम्फ स्पिटफायर ही गाडी जुळवायला बसणाऱ्याला पुढच्या चाकांचा फारसा त्रास होत नाही. पुढे दुहेरी विशबोन (चाक धरणारे इंग्रजी व्ही आकाराचे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग अशी उत्तम रचना आहे, इतकी की तिचे सुटे भाग लोटससारख्या कंपन्यांनीही वापरले. सारी डोकेदुखी मागच्या बाजूला आहे, आणि ती समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने (बीएमसी) विकत घेतली. त्यामुळे नव्या छोट्या गाडीसाठी एकसंध मोनोकॉक बॉडी मिळण्याची वाट बंद झाली आणि ट्रायम्फला स्वतंत्र चॅसीवर, निरनिराळ्या ठिकाणी तयार झालेले बॉडीचे भाग बोल्टने जोडावे लागले. १९५९ ची हेराल्ड ही अशी अडचणीतून जन्मली. तिच्या मागच्या बाजूला एकच आडवी लीफ स्प्रिंग, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला ‘पाटा’ म्हणतात तो, डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यावर, बसवलेला होता आणि चाकांकडे जाणारे आस झुलते होते. रचना स्वस्त, आटोपशीर आणि खडबडीत रस्त्यावर आरामदायी होती. याच चॅसीची लांबी कमी करून इटालियन डिझायनर जोव्हानी मिकेलोत्ती यांनी एक देखणी उघडी गाडी रेखाटली. पण पैशाअभावी तिचा नमुना कारखान्याच्या एका कोपऱ्यात आच्छादनाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये ट्रक बनवणाऱ्या लेलँडने कंपनी ताब्यात घेतल्यावर लेलँडचे स्टॅनली मार्कलंड यांच्या नजरेला तो पडला, त्यांनी मंजुरी दिली आणि १९६२ मध्ये स्पिटफायर बाजारात आली. जिन्नस फार पसंत पडला, पण हेराल्डचा मागचा आसही तिच्यासोबत आला.

झुलत्या आसाला प्रत्येक बाजूला एकच क्रॉस (फिरता आस वाकू देणारा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट) असतो आणि तो डिफरन्शियलजवळ असतो. त्यामुळे चाक खाली-वर होताना आसासह कलते: गाडी बसली की चाकाचा माथा आत झुकतो, गाडी उचलली गेली की तळ आत जातो. वळणावर बाहेरच्या टायरवर जमिनीकडून येणारा आडवा जोर क्रॉसच्या खालून लागतो, म्हणून तो गाडीचा मागचा भाग वर ढकलतो. आतल्या चाकाकडून याउलट ओढ असते. पण वळणात भार बाहेरच्या चाकावर सरकलेला असल्याने ती ओढ अपुरी पडते. गाडी मागून उंचावते, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडू लागते, टायर कडेवर उभा राहतो आणि पकड सुटते. ऐन वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर वजन पुढे सरकून हेच सारे एका क्षणात घडते. ऑटोक्रॉसमध्ये डावी-उजवी वळणे इतकी लागोपाठ येतात की हा दोष लपवायला जागाच उरत नाही.

दोष ट्रायम्फपुरता नव्हता. एडमुंड रुम्पलर यांनी झुलत्या आसाचे पेटंट १९०३ मध्ये घेतले होते, आणि तो वापरणाऱ्या बहुतेकांना पुढे त्यावर उपाय शोधावे लागले. पोर्शे ३५६ सुपर ९० आणि १९६४ ची शेव्हर्ले कॉर्व्हेर यांच्या मागे एक जादा आडवी स्प्रिंग आली. ती दोन्ही चाकांना एकत्र खाली लोंबू देत नाही, मात्र गाडी एका अंगाला कलण्याला विरोध करत नाही. १९६३ मध्ये सुरू झालेल्या फॉर्म्युला व्ही वर्गातल्या, फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांतून घडवलेल्या गाड्यांनी हाच विचार टोकाला नेला: मागे कलण्याला जवळजवळ शून्य विरोध, आणि तो सगळा भार पुढच्या अँटी-रोल बारवर, म्हणजे गाडीला कलण्यापासून रोखणाऱ्या आडव्या दांड्यावर. माझ्या मते स्पिटफायरच्या जुळणीतले मर्म हेच आहे. बाकीचे सल्ले याच्याच शाखा आहेत.

ट्रायम्फने ते उशिरा मान्य केले. दरम्यान १९६५ च्या ल मान्स शर्यतीत कंपनीच्या स्पिटफायर तेराव्या आणि चौदाव्या आल्या, पहिलीने आपला वर्गही जिंकला. अमेरिकेत ट्रायम्फच्या स्पर्धा विभागाचे प्रमुख कॅस कॅस्टनर यांनी खासगी स्पर्धकांसाठी तयारीच्या पुस्तिका लिहिल्या. म्हणजे जाणकाराच्या हाती हा आस पळत होता. स्पिटफायरच्याच बंद छपराच्या, सहा सिलिंडरच्या भावंडावर, जीटी६ वर मात्र टीका इतकी झाली की १९६८ मध्ये तिला खालचे विशबोन आणि रबरी जॉइंट असलेली खरीखुरी सुधारित रचना मिळाली. स्पिटफायरच्या वाट्याला १९७० च्या मार्क ४ मध्ये स्वस्त तोड आली: पाट्याची बहुतेक पाती मध्यभागी घट्ट न आवळता हलती ठेवली. दोन्ही चाकांवर मिळून येणारे वजन पाटा पूर्वीप्रमाणेच पेलतो, पण गाडी कलू लागली की ती पाती फक्त झुलतात. सोबत पुढचा अँटी-रोल बार जाड झाला. १९७३ मध्ये आस लांब करून मागची चाके एकमेकांपासून सुमारे दोन इंच दूर नेली. गंमत म्हणजे त्याच वर्षी जीटी६चीही महागडी रचना काढून तिला हाच झुलता पाटा बसवला गेला, आणि तरीही गाडी वाईट चालली नाही.

म्हणून आजचा हौशी स्पर्धक जुन्या मार्क १ ते ३ वर जे करतो, ते बहुतांशी कारखान्याच्या वाटेनेच जाणे असते. तो पाटा आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये ठोकळा घालून मागचा भाग खाली आणतो, म्हणजे चाके आधीच माथा आत झुकवून उभी राहतात. नियमांची मुभा असेल तर नंतरचा हलता पाटा बसवतो, नाहीतर खालून जादा स्प्रिंग लावतो. चाक लोंबण्यावर पट्ट्याने मर्यादा घालतो आणि पुढचा बार जाड करतो. मागे अँटी-रोल बार लावण्याचा मोह मात्र आवरावा लागतो, कारण तो आतले चाक हलके करून जुनाच रोग परत आणतो. गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल तर टायर आतल्या कडेने झिजणार, हेही धरून चालावे.

हेराल्ड आपल्याकडेही १९६१ पासून मद्रासला तयार होत होती. त्या कारखान्याने सत्तरच्या दशकात आणलेल्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये झुलते आस काढून ट्रकसारखे अखंड हाऊसिंग बसवले. इंग्लंडमध्ये स्पिटफायर मात्र १९८० मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेकाच क्रॉसवर चालत राहिली.